‘फ्राउ इम मोंड’चं यान : सल्लागाराचं किती ऐकलं गेलं?

सिनेमासाठी शास्त्रज्ञ सल्लागार नेमायचा, त्याचं नाव जाहिरातीत मोठं छापायचं आणि सेटवर मात्र आपल्याला हवं तेच करायचं, ही रीत आता इतकी रुळली आहे की कुणाला त्याचं काही वाटत नाही. अवकाशयानांच्या बाबतीत या रीतीचं पहिलं ठळक उदाहरण १९२८-२९ च्या बर्लिनमध्ये सापडतं. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, निर्मितीसंस्था उफा, चित्रपट ‘फ्राउ इम मोंड’ म्हणजे ‘चंद्रावरची बाई’, आणि सल्लागार हर्मान ओबेर्ट. या चित्रपटाने उलटी मोजणी दिली, रॉकेटचा भविष्यवेध घेतला, अशी वाक्यं सगळीकडे वाचायला मिळतात. ती बहुतांशी खरी आहेत. पण ओबेर्टने सांगितलेल्यापैकी काय पडद्यावर पोहोचलं, काय वाटेत गळलं आणि का, हे तपासून पाहिलं की प्रकरण जास्त रंगतदार होतं.

आधी त्या काळापर्यंत सिनेमातलं यान कसं दिसत होतं ते पाहू. १९०२ मध्ये जॉर्ज मेलिएसने चंद्रावर माणसं पाठवली ती तोफेतून. खलाशाच्या पोशाखातल्या मुली एक मोठा गोळा तोफेत सरकवतात, बार उडतो आणि गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात रुततो. तोफेची कल्पना मुळात ज्यूल व्हर्नची, १८६५ ची. व्हर्नने निदान आकडे तरी मांडले होते. त्याची तोफ ९०० फूट लांब, म्हणजे साधारण २७४ मीटर. एवढ्या अंतरात शून्यापासून सेकंदाला ११.२ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागतो इतका वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर येणारा भार पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तेवीस हजार पट होतो. हा हिशेब शाळेतल्या एका सूत्राने निघतो. आत बसलेल्यांचा तळाशी पातळ थर उरेल. मेलिएसला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं आणि नसावंच. त्याचा गोळा हा जादूगाराच्या पोतडीतला माल होता. १९१८ च्या डॅनिश ‘हिमेलस्किबेट’मध्ये मंगळाकडे निघालेल्या यानाला पंख आणि पंखा आहे. विमान नवं होतं, म्हणून यानही विमानासारखं. जिथे हवाच नाही तिथे पंखा काय कापणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

थोडक्यात, नेपथ्यकाराच्या डोळ्यासमोर जे यंत्र असेल त्यालाच आकाशात पाठवायचं, असा सगळा मामला होता. तो पहिल्यांदा उफाच्या स्टुडिओत मोडला.

ओबेर्टचा जन्म १८९४ चा, ट्रान्सिल्व्हेनियातला. अवकाशप्रवासावरचा त्याचा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला. मग त्याने १९२३ मध्ये त्याचंच पुस्तक काढलं. शंभर पानांच्या आतलं, समीकरणांनी खच्चून भरलेलं पुस्तक. द्रवरूप इंधनावर चालणारं रॉकेट पृथ्वीच्या ओढीतून सुटू शकतं, आणि माणूस त्यातून जिवंत जाऊ शकतो, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. विद्वानांनी नाकं मुरडली, पण जर्मनीतल्या तरुण पोरांना वेड लागलं. १९२७ मध्ये ब्रेस्लाऊमध्ये अवकाशप्रवासाची संस्थाही निघाली. ओबेर्ट मात्र दूर मेडियाश गावात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर होता. लांगने त्याला तिथून बर्लिनला बोलावून घेतलं. सोबत विली ले हा तरुण विज्ञानलेखकही सल्ल्याला होता.

पटकथा लांगची तेव्हाची बायको टेआ फॉन हार्बू हिची, तिच्याच कादंबरीवरून. मराठी वाचकांसाठी एक पदर इथे आहे. लांगशी घटस्फोट झाला १९३३ मध्ये, आणि त्या काळात तिचं नातं जुळलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीहून जर्मनीत शिकायला गेलेल्या आयी गणपत तेंडुलकरांशी. तेच तेंडुलकर पुढे बेळगावात पत्रकार म्हणून ओळखले गेले. अर्थात यानाच्या आराखड्याशी त्यांचा संबंध नाही. तो सगळा प्रकार नंतरचा.

आता यान. त्याचं नाव ‘फ्रीडे’, नायिकेचंच नाव. सिनेमात त्याच्या आधी ‘एच ३२’ नावाचं एक बिनमाणसाचं रॉकेट कॅमेरा घेऊन चंद्राकडे जाऊन आलेलं असतं. पहिल्यांदा यंत्र पाठवायचं आणि मग माणूस, हा क्रम आपल्याला आज सहज वाटतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला तो सांगावा लागला, आणि लांगने तो नकाशे आणि चलचित्रांतल्या आकृत्या दाखवून सांगितला. ऑस्कार फिशिंगर या चित्रपटाच्या तांत्रिक करामतींवर काम करत होता. यान कुठल्या वाटेने जाईल, कुठे वळेल, इंजिन कधी बंद होईल, हे पडद्यावर रेघांनी उलगडतं. कथापटात मध्येच असा तास घेणं हे धाडसच. तिथे सिनेमा थोडा रेंगाळतो हेही कबूल करायला हवं. हा मूकपट जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे आणि पहिला तासभर तर यान दिसतही नाही, हेरगिरी आणि चोऱ्याच चालू असतात.

‘फ्रीडे’ टप्प्याटप्प्यांचं आहे. इंधन संपलं की खालचा भाग गळून पडतो आणि वरचा पुढे जातो. हे का, ते समजून घ्यायला ओबेर्टचा हिशेब हवा. अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन जाळून निघणारा वायू सेकंदाला जास्तीत जास्त अडीच किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो असं धरा. रॉकेटला हवा आहे ११.२ चा वेग. रॉकेटच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं ८८. म्हणजे निघताना ८८ टन वजन असेल तर शेवटी एक टन उरतं. त्या एका टनात माणसं, खुर्च्या, इंजिन आणि सगळ्या रिकाम्या टाक्या बसवायच्या. ते जमणं शक्य नाही. म्हणून रिकामी टाकी वाटेतच टाकून द्यायची, म्हणजे उरलेल्या इंधनाला तिचं ओझं वाहावं लागत नाही. ओबेर्टच्या आराखड्यात खालच्या टप्प्याला अल्कोहोल आणि वरच्याला हायड्रोजन होता, कारण हायड्रोजनचा झोत जास्त वेगाचा. पडद्यावर हे सगळं दोन-चार पाट्या आणि एका आकृतीत उरकतं. पण टप्पा सुटण्याचा क्षण लांगने नाट्यासाठी वापरला आहे: भाराखाली दबलेल्या, बेशुद्धीच्या काठावरच्या माणसाला ठरलेल्या क्षणी हात उचलून खटका ओढायचा आहे. हात उठत नाही. चेहरा जवळून दिसतो. आतापर्यंत पाहिलेल्या त्या कोरड्या रेघांचं काय काम होतं, ते इथे कळतं. वेळ चुकली तर वेग किती वाढेल हे प्रेक्षकाला आधीच शिकवून ठेवलेलं आहे.

मला या प्रकरणाचं मर्म इथे दिसतं. ओबेर्टचं जे गणित प्रसंग होऊ शकलं ते सिनेमात टिकलं. जे होऊ शकलं नाही, ते कितीही बिनतोड असलं तरी कापलं गेलं.

झोपायच्या पलंगांचंही तसंच. माणसाचं शरीर उभ्याने भार सोसत नाही, रक्त डोक्यातून उतरतं. आडवं पडलं तर तेच शरीर बरंच जास्त सोसतं. म्हणून प्रवासी पलंगांवर पट्टे बांधून पडलेले. पृथ्वीच्या चौपट भार धरला तर ११.२ किलोमीटरचा तो वेग गाठायला पावणेपाच मिनिटं लागतात. तोफेच्या बाराच्या जागी पाच मिनिटांची घुसमट आली, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं होतं. बाराला नाट्य नसतं, धडाम झालं की संपलं. घुसमटीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. पुढे वजन नाहीसं झाल्यावर जमिनीला पाय अडकवायचे पट्टे आहेत, आणि बाटलीतली दारू गोळे होऊन हवेत तरंगते ती ग्लासात पकडावी लागते.

यान बाहेर कसं येतं, हा प्रसंग अवकाशयानांच्या सगळ्या जुन्या सिनेमांत मला सर्वांत आवडतो. उंचच्या उंच हॉल. त्याची दारं उघडतात आणि उभंच्या उभं यान रुळांवरून, सर्चलाइटांच्या झोतात, हळूहळू बाहेर येतं. बाहेर गर्दी, मायक्रोफोनवर बोलणारा निवेदक. १९६० च्या दशकात फ्लोरिडात नासाने १६० मीटर उंचीची इमारत बांधून नेमकं हेच केलं, आणि श्रीहरिकोटाच्या दुसऱ्या प्रक्षेपण तळावर २००५ पासून रॉकेट असंच उभ्याने जोडून रुळांवरून नेतात. उभ्याने जोडणी करायची म्हणजे हॉल उंच हवा आणि रूळ भक्कम हवे. बर्लिनच्या स्टुडिओत हे छोट्या प्रतिकृतींनी साधलं, पण तर्क तोच होता. ओटो हुंटे, एमिल हास्लर आणि कार्ल फोलब्रेख्ट या नेपथ्यकारांनी नुसतं यान बांधलं नाही, यानाभोवतीचा सगळा कारखाना बांधला. आधीच्या सिनेमांत यान असायचं, त्याला तळ नसायचा.

मग ते यान पाण्यात उतरवतात. हो, पाण्यात. प्रक्षेपणाच्या जागी एक मोठा हौद आहे आणि ‘फ्रीडे’ त्यात अर्धीअधिक बुडवून ठेवली आहे. कारण सिनेमातच दिलं आहे: यान इतकं हलकं केलंय की ते स्वतःच्या बळावर उभं राहू शकत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण विचार पक्का आहे. ८८ चा तो आकडा आठवा. प्रत्येक किलो वाचवायचा म्हणजे टाक्यांचा पत्रा जेमतेम जाडीचा. आत कित्येक मीटर उंचीचा द्रव भरला की तळाशी दाब वाढतो आणि पत्रा बाहेर फुगतो. बाहेरून तेवढ्याच उंचीचं पाणी असेल तर ते जवळपास तेवढाच दाब उलट देतं. खोलीप्रमाणे दोन्ही बाजूंचा दाब सोबतच वाढतो, हे त्यातलं सौंदर्य. पुढच्या अभियंत्यांनी हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन ‘ॲटलस’ रॉकेटची पोलादी टाकी इतकी पातळ होती की आतून वायूचा दाब कायम ठेवला नाही तर ती स्वतःच्या भाराने चेपली असती. पाण्याऐवजी आतली हवा, इतकाच फरक. आज प्रक्षेपणाच्या वेळी तळावर पाण्याचा लोंढा सोडतात तो आवाज आणि उष्णता शोषायला. त्याचं श्रेय ‘फ्रीडे’च्या हौदाला देणारे लेख मी वाचले आहेत, ते ओढूनताणून आहे. आणि लांगला तो हौद आवडण्याचं कारण आणखी वेगळं असणार. पाण्यातून रॉकेट सुटलं की फेस, वाफ, उसळी, सगळं फुकटात मिळतं.

उलटी मोजणी ही तर सरळ दिग्दर्शकाची कमाई. ओबेर्टच्या समीकरणांत ती नव्हती. शून्यापासून वर मोजत गेलं तर रॉकेट केव्हा सुटणार हे प्रेक्षकाला कळत नाही, उलट मोजलं तर कळतं, असं साधं कारण लांग नंतर देत असे. मूकपटात आवाज नाही, म्हणून आकडे पाट्यांवर येतात, एकामागून एक, आणि शेवटी पडदा भरून ‘आत्ता!’. बोलपट तोपर्यंत आला होता. निदान रॉकेट सुटतानाचा आवाज तरी घालावा, असा उफाचा आग्रह होता. लांगने तो मानला नाही आणि कंपनीशी त्याचं बिनसलं. तो बरोबर होता असं माझं मत आहे. तेव्हाच्या ध्वनियंत्रातून जी खरखर निघाली असती तिने त्या आकड्यांचा दरारा घालवला असता.

इथपर्यंत सल्लागाराची चांदी. यान चंद्रावर उतरलं आणि त्याचं कुणी ऐकेनासं झालं.

‘फ्राउ इम मोंड’च्या चंद्रावर हवा आहे. माणसं स्वेटर घालून हिंडतात. एकोणिसाव्या शतकात पेटर आंद्रेआस हान्सेन या खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूला वातावरण असू शकेल अशी कल्पना मांडली होती, तिचा आधार पटकथेने घेतला. १९२९ पर्यंत ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली होती. ओबेर्टला हे माहीत होतं, लांगलाही माहीत असणार. पण मूकपटात अभिनय चालतो चेहऱ्याने. सगळ्यांच्या डोक्यावर काचेची घागर चढवली तर प्रेम कसं दाखवणार, मत्सर कसा दाखवणार? मग प्रोफेसर मानफेल्ट पाणबुड्यासारखा पोशाख घालून बाहेर पडतो, काडी पेटवून पाहतो, काडी जळते, आणि पोशाख उतरतो. त्यापुढे तर तो आपल्याकडच्या पाणाड्यासारखी दुबेळकी काठी हातात धरून चंद्रावर पाणी शोधत फिरतो! ज्या सिनेमाने अर्ध्या तासापूर्वी आपल्याला रॉकेटचं गणित शिकवलं, त्याच सिनेमात हे. आणि बाल्टिक किनाऱ्याहून आणून स्टुडिओत पसरलेल्या वाळूचा हा चंद्र दिसायला इतका देखणा आहे की रागही धड येत नाही. सोनंही सापडतं, अर्थातच. मोहिमेला पैसे घालणाऱ्यांना तेच हवं असतं, आणि हा भाग मला हवेपेक्षा जास्त वास्तववादी वाटतो.

पण शेवटाकडे गणित पुन्हा आत शिरतं. झटापटीत गोळी लागून ऑक्सिजनचा साठा वाया जातो. उरलेला सगळ्यांना परत न्यायला पुरणार नाही, एकाला मागे राहावं लागणार. बाहेर मोकळी हवा असलेल्या चंद्रावर ही अडचण टिकते, कारण ती यानाच्या आतल्या हवेची आहे. हिशेबाच्या वहीतली एक ओळ कमी पडते आणि तिथून सिनेमाचा कळस उभा राहतो. शास्त्रीय अचूकतेमुळे कथा मरते असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा पाहावा.

आता या प्रकरणातलं दुसरं रॉकेट. सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या वेळी बाल्टिक किनाऱ्यावरून खरं रॉकेट उडवायचं, अशी जाहिरातीची कल्पना निघाली. अर्धा खर्च उफाने, अर्धा लांगने स्वतः उचलला. ओबेर्टने होकार दिला आणि तिथे फसला. तो कागदावरचा माणूस होता. कारखान्यात कधी हात काळे केले नव्हते. हाताशी रुडोल्फ नेबेल हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक आणि अलेक्झांडर शेर्शेव्स्की हा रशियन विद्यार्थी. पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन यांच्या प्रयोगात स्फोट झाला, ओबेर्टच्या कानाचा पडदा फाटला, डोळ्याला इजा झाली. मग त्याने पेट्रोल सोडून कार्बनच्या कांड्या जाळायचं ठरवलं, तेही जमेना. हातात होते काही महिने. जे काम करायला नंतर सरकारांना वर्षं आणि हजारो माणसं लागली, ते एका मास्तराने जाहिरातीच्या मुदतीत करावं अशी अपेक्षा होती. खचून जाऊन तो बर्लिन सोडून गेला. १५ ऑक्टोबर १९२९ ला उफा-पालास्टमध्ये सिनेमा झळकला, रॉकेट नाही.

मात्र त्या पैशातून झालेलं काम वाया गेलं नाही. ओबेर्टने शंकूच्या आकाराचं एक छोटं इंजिन तयार केलं होतं. २३ जुलै १९३० ला बर्लिनमधल्या सरकारी रसायन-तंत्र संस्थेत ते अधिकाऱ्यांसमोर चालवून दाखवलं: नव्वद सेकंद, सात किलोचा रेटा. मदतीला असलेल्यांत अठरा वर्षांचा एक विद्यार्थी होता, वेर्नर फॉन ब्राउन, पुढे जर्मन लष्करासाठी रॉकेटं घडवणारा. त्याच वर्षी नेबेल आणि मंडळींनी बर्लिनच्या उत्तरेला आपलं रॉकेट मैदान सुरू केलं, तेव्हा ओबेर्टचं सामानच त्यांचं भांडवल झालं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मन लष्कराच्या पेनेम्युंडे तळावरून जे ए-४ रॉकेट पहिल्यांदा यशस्वीपणे उडालं, ज्याला नंतर व्ही-२ नाव मिळालं, त्याच्या अंगावर चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलेलं होतं. खाली इंधन अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन. ही रॉकेटं डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतली गेली, त्यात हजारो मेले, आणि ती लंडन-अँटवर्पवर पडली. गेस्टापोने आपल्या यानाच्या प्रतिकृती जप्त केल्या आणि सिनेमा दाखवणं बंद केलं, असं लांग सांगत असे. लांगला स्वतःबद्दलच्या गोष्टी खुलवून सांगायची सवय होती, तेव्हा हे त्याच्या शब्दावर.

सिनेमावाल्यांनी या यानापासून लगेच धडा घेतला असंही नाही. १९३६ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, एच. जी. वेल्सच्या पटकथेवरच्या ‘थिंग्ज टू कम’ने चंद्रावर जायला पुन्हा तोफच काढली, कारण वेल्सला रॉकेटचं अप्रूप नव्हतं आणि त्याला अडवेल असा ओबेर्ट तिथे कुणी नव्हता. त्याच वर्षी मॉस्कोत ‘कोस्मिचेस्की रेइस’ आला. त्याला सल्ला रॉकेटचं गणित मांडणाऱ्या वृद्ध रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीचा; तिथे प्रवासी उड्डाणाच्या वेळी पाण्याने भरलेल्या कप्प्यांत बुडून भार सोसतात. लांगने यान पाण्यात ठेवलं होतं, रशियनांनी माणसं ठेवली. अमेरिकेतल्या मालिकांमध्ये तेव्हा आगीचे फवारे सोडत दोरीवरून सरकणारी खेळणी उडत होती.

हॉलिवूडने सल्लागाराचं पूर्ण ऐकलं ते १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’मध्ये. तिथे चंद्रावर हवा नाही, सोनं नाही, पाणाड्या नाही. यान मात्र एकाच टप्प्याचं, अणुशक्तीवर चालणारं. उतरताना जास्त इंधन खर्च होतं आणि परत निघायला वजन कमी करावं लागतं. शेवटची वीस मिनिटं माणसं यानातली एकेक वस्तू उपसून बाहेर फेकत असतात, रेडिओसुद्धा, आणि तरी काट्यावर थोडे किलो जास्तच भरतात.